चाळीस ठोक्यांचं काळीज

लग्नाला पंधरा दिवस झाले नसतील, तेव्हा मला कळलं की माझ्या नवऱ्याचं काळीज मधेच थांबतं.

एकोणीसशे तीस सालाच्या आधीची दोनतीन वर्षं असतील ती. आमचं गाव बोर्ली पंचतनापासून कोसभर, समुद्राच्या अंगाला. पुढे भाताची खाचरं, मागे नारळीपोफळी आणि उगवतीला डोंगर आडवा पडलेला. त्या डोंगरातल्या खिंडीतून टपाल जायचं आणि ते टपाल पळवायच्या कामावर हे होते. सरकारी कागदात त्याला रनर म्हणत, गावात नुसतं टपालवाला. सकाळी उपाशीपोटी थैली खांद्यावर टाकायची, घुंगरं बांधलेली काठी उचलायची आणि पळत सुटायचं. खिंडीत पलीकडचा रनर आलेला असे. ह्यांची थैली त्याला, त्याची ह्यांना, की परत पळत खाली. चालायचं नाही, पळायचं. पाऊस असो, ऊन असो, सात वर्षं हे रोजचं होतं.

दुपारी जेवून हे पडवीत आडवे होत आणि मी काशाच्या वाटीने ह्यांचे तळपाय घासायला बसे. खोबरेल लावून वाटी फिरवायची, तेल काळं पडेपर्यंत. त्या दिवशी सासूबाई मागे शेण्या थापायला गेल्या होत्या. पाय घासता घासता घोट्याच्या आतल्या अंगाला माझं बोट टेकलं आणि बोटाखाली काहीतरी उडालं. मग उडायचं राहिलं. मी वाटी खाली ठेवली. बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा उडालं.

नव्या नवरीने भर दुपारी नवऱ्याच्या छातीला कान लावायचा म्हणजे काय, सासूने बघितलं असतं तर माझी धडगत नव्हती. पण मी लावला. आत एकदा ठप्प झालं. मग काहीच नाही. बाहेर समुद्र ऐकू येत होता, पोफळीवर कावळा ओरडला तोही ऐकू आला, पण ह्यांच्या छातीत काही नाही. मी माझा दुसरा हात माझ्या छातीवर ठेवला. माझं काळीज दोनदा वाजलं, तेव्हा ह्यांचं एकदा. आणि हे खुशाल घोरत होते.

कुणाला सांगणार? माहेर लांब पालीकडे, आणि सांगायचं तरी काय, की नवऱ्याचं काळीज अर्धंच वाजतं? मी गप्प बसले, पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. रोज दुपारी पाय घासायचे आणि रोज घोट्यावर बोट ठेवून वाट बघायची. एक ठोका झाला की पुढचा येईल का, एवढंच. तो येई. मग पुन्हा तेच.

त्यात सासूबाईंनी एकदा भात कांडता कांडता सहज सांगितलं. ह्यांच्या आधी त्या वाटेवर दुसरा टपालवाला होता. तो एका दुपारी खिंडीत दम खायला दगडाला टेकून बसला तो बसलाच. पलीकडचा रनर आला तेव्हा थैली मांडीवर होती, काठी हातात होती आणि अंगात जीव नव्हता. ‘‘त्याची घुंगरं अजून वाजत्यात दुपारची,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्या सोता ऐकलीत.’’ मी विचारलं, ‘‘मग ह्यांची काठी?’’ तर म्हणाल्या, ‘‘तीच की. नवी कोन देतोय?’’

ती काठी आमच्या पडवीत खुंटीला टांगलेली असे. वारा नसला तरी कधी कधी एखादं घुंगरू हलायचं. मी काय फार शहाणी लागून गेले नव्हते, पंधरासोळा वर्षांची पोर होते. मी मनाशी ठरवून टाकलं की एक ठोका ह्यांचा आणि एक त्या मेलेल्या टपालवाल्याचा. मधला जो ऐकू येत नाही, तो हा दुसरा घेतो.

आणि मग वैशाखात तो दिवस आला. गावच्या टपालाचं काम शाळामास्तर बघत आणि मास्तरांचा ओटा आमच्या घरासमोरच होता. मी दारात तांदूळ निवडत होते. घुंगरं ऐकू आली, हे वळणावरून पळत आले आणि मास्तरांच्या अंगणात थांबले. मास्तर म्हणाले, ‘‘थांब रे, लाखेवरचा शिक्का नीट बघू दे.’’ हे थांबले. तेवढा डोंगर पळून आलेला माणूस एका जागी ताठ उभा. घाम हनुवटीवरून टपकत होता. मी बघत होते, म्हणून मला दिसलं. ह्यांच्या तोंडावरचा रंग वरून खाली उतरत गेला, ओठ राखेच्या रंगाचे झाले आणि गुडघे मोडले.

पडू कोण देणार? खिंडीतला तो बसला आणि गेला, हे सगळ्या गावाच्या डोक्यात बसलेलं. ‘‘धरा, उभा धरा, बसू देव नका,’’ म्हणत दोघा गड्यांनी काखेत हात घालून ह्यांना ओट्याच्या खांबाला उभं लावलं. मान लोंबत होती. एकजण थोबाडीत मारत होता. जेवढे सरळ धरत, तेवढा चेहरा आणखी पांढरा पडत होता. वैद्यबुवा धावत आले, त्यांनी मनगट धरलं, डोळे मिटले, बराच वेळ बोटं सरकवून सरकवून बघितली. मग म्हणाले, ‘‘नाडी सुटली. खाली घ्या.’’

खाली घ्या म्हणजे काय ते सांगायला नको. जाणाऱ्या माणसाला खाटेवर ठेवत नाहीत, सारवलेल्या भुईवर आडवं करतात. मास्तरांचं अंगण सकाळीच सारवलेलं होतं. त्याच्यावर ह्यांना सपाट निजवलं. सासूबाईंना रडूही फुटेना, त्या तुळशीचं पान आणि पाणी घेऊन आल्या. मी तिथेच उभी होते, सुपातले तांदूळ कधी सांडले ते मला कळलं नाही. सासूबाईंनी पान ओठांत सारलं. हे खोकले, पान थुंकून टाकलं आणि डोळे उघडून म्हणाले, ‘‘मास्तरांनी थैली घेतली काय?’’

अंगणातली माणसं दोन पावलं मागे सरली. आनंद कुणाच्याच तोंडावर दिसला नाही. वैद्यबुवा हात धोतराला पुसत राहिले. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘‘हा तो न्हाय. आवाज त्याचा न्हाय.’’

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांनी पुन्हा नाडी बघितली, एका हाताने ह्यांची आणि दुसऱ्याने स्वतःची. ‘‘माझ्या दोन होतात तेव्हा याची एक,’’ ते म्हणाले. ‘‘ही अर्धी नाडी आहे. अशी माणसं फार दिवस काढत नाहीत.’’ झालं. गावाने नाव ठेवलं, अर्ध्या नाडीचा. चारच दिवसांत हे पुन्हा पळायला लागले, पण गावातली पत्रं वाटायचं कामही ह्यांचंच, आणि ती हातातून घ्यायला कुणी धजेना. माणसं पत्र पायरीवर ठेव म्हणायची, मग वर पाणी शिंपडून उचलायची. शेजारची म्हातारी तर घुंगरं ऐकली की नातवंडांना आत ओढून दार लावून घ्यायची. ह्यांना त्याचं काही वाटत असेल तर ते बोलले नाहीत. ह्यांचा स्वभावच तसा, मुक्याचा.

मला तेव्हा दोन महिने गेले होते. आमच्यात नवरा गेला तर पाट लावतात, बाईचं पुढे काहीतरी होतं. पण मला दुसरा नवरा नको होता, मला हेच हवे होते. हे खिंडीत गेले की परत येईपर्यंत माझे डोळे वळणाला लागलेले असायचे. मी सासूबाईंच्या मागे लागले की ह्यांचं पळणं बंद करा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘देवीला इचारू. ती सांगंल तसं.’’

गावदेवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी ओली करून चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, ‘‘ह्याला खिंडीत पळू दे काय, आई?’’ आणि आम्ही बघत बसलो. बराच वेळ काही होईना. सासूबाईंचा गुडघा धरला म्हणून त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मग कुणाचं तरी रेडकू आवारात शिरलं, ते हाकलायला गुरव बाहेर गेला. गाभाऱ्यात मी आणि देवी.

आणि उजवी पाकळी पडली.

मी ती पडताना बघितली. होय म्हणाली देवी, पळू दे. मी हात पुढे केला, पाकळी उचलली, तांब्यातल्या पाण्यात भिजवून उजव्या खांद्यावर होती तिथे चिकटवली. मग डावी काढून खाली ठेवली. पाषाण दुपारच्या वेळी गार असतो, पण माझ्या बोटांना तो अंगासारखा ऊन लागला. मी एका जागी उभी होते, तरी माझं काळीज डोंगर चढल्यासारखं धडधडत होतं, कानात, गळ्यात, पोटात. गुरव आत आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘डावा दिला.’’

ह्यांनी काठी उतरवली. ह्यांच्या चुलतभावाला ते काम लागलं. हे घरीच राहू लागले. बांध घालायचे, नारळ सोलायचे, आणि दुपारी घुंगरं वाजत पुढून गेली की हातातलं काम थांबवून तिकडे बघत बसायचे. मी ह्यांना जपायला लागले. जड उचलू नका, उन्हात जाऊ नका. सासूबाईही तसंच. पावसाळा गेला, भात झोडून झाला. आणि रोज दुपारी मी घोट्यावर बोट ठेवत होते. ठोके जवळ जवळ येत चालले. दिवाळीनंतर एक दिवस असा आला की माझा आणि ह्यांचा जवळपास बरोबरीने पडू लागला. तो दुसरा गेला. मी मनातल्या मनात देवीच्या पाया पडले, जिला मी फसवलं होतं तिच्याच. पोटावर हात ठेवून बाळाला सांगितलं की तुझा बाप आता सबंध झाला.

तांदळाचं अर्धं पोतं माजघरात आणताना ह्यांना धाप लागली, ते मी बघितलं होतं. मला वाटलं, असायचंच, आता सगळ्यांसारखे झाले ना.

मार्गशीर्ष सरता सरता मला कळा सुरू झाल्या. पहाटेपासून, आणि सकाळ चांगली वर आली तरी सुटका होईना. सुईणीने हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पोर पायाळू होतं, अडलं होतं. ‘‘हे माज्या हाताभायेरचं हाय,’’ ती सासूबाईंना म्हणाली. ‘‘डाक्तर आना.’’ डॉक्टर खिंडीपलीकडच्या दवाखान्यात. ह्यांनी दारातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळत सुटले. मला धीर आला. ही वाट ह्यांच्या पायाखालची, सात वर्षांची. परसातल्या माडाची सावली विहिरीला टेकायच्या आत हे खिंडीत पोचायचे, हे मला पाठ होतं.

मी सावलीकडे बघत होते. ती विहिरीला टेकली, विहीर ओलांडून गेली. मी पडून होते, हात हलवायचंही बळ नव्हतं, आणि तरी माझं काळीज धावत होतं. अंगातून रक्त जात होतं, उरलेलं पुरवायला ते बिचारं घाई करत होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की ह्यांच्या वाट्याचं मीच पळतेय. आणि मग मला घुंगरं ऐकू आली. अगदी स्वच्छ, वळणावरून उतरणारी. मी सुईणीला म्हटलं, ‘‘आले हे.’’ तिने कान दिला. ‘‘कुठं गो? काय सुदिक वाजत न्हाय.’’ घुंगरं अंगणापर्यंत आली आणि थांबली. ह्यांच्याकडे आता काठीच नव्हती, हे मला त्यानंतर आठवलं.

मुलगी झाली. सुईणीने शेवटी कसंबसं ओढून काढली. रडली नाही. तिला माझ्याजवळ ठेवली तेव्हा मी तिच्या छातीवर बोट ठेवलं. एवढीशी छाती, आत फार जलद काहीतरी चाललं होतं. मग हळू झालं. मग एक ठोका झाला आणि पुढचा आला नाही. सुईण तिला उचलायला वाकली, मी तिचा हात झिडकारला. म्हटलं, थांब, येईल. मला सवय होती ना, थांबलेल्या काळजापुढे वाट बघायची. वर्षभर रोज दुपारी मी तेच करत आले होते आणि दर वेळी तो आला होता. मी बोट काढलं नाही. सासूबाईंनी हात धरून काढलं तेव्हा पोर गार झालं होतं.

डॉक्टर घोड्यावरून आले तेव्हा ऊन कलून आंब्यांच्या आड गेलं होतं. त्यांनी मला वाचवलं. हे पाठोपाठ आले, अंगणात बसून ओकले आणि तिथेच पडून राहिले. चढणीवर चार वेळा बसावं लागलं, असं कुणाला तरी सांगत होते. ‘‘छाती फुटायला आली. पाय उचलंनात.’’ डॉक्टर मुक्कामाला राहिले. सकाळी त्यांनी ह्यांना नळी लावून तपासलं आणि पूर्वीचं सगळं विचारून घेतलं. सासूबाईंनी अर्ध्या नाडीचं सांगितलं, अंगणात खाली घेतल्याचं सांगितलं. मी माजघरात पडून ऐकत होते.

डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, ‘‘अहो आजी, काळीज म्हणजे मुठीएवढं मांस. ते आवळतं आणि दर वेळी वाटीभर रक्त पुढे ढकलतं. तुमचंआमचं काळीज स्वस्थ बसलं तरी मिनिटाला सत्तर वेळा आवळतं, तेव्हा कुठे अंगाला पुरतं. हा सात वर्षं रोज डोंगर पळत होता. त्याच्या काळजाची वाटी मोठी झाली. एका आवळण्यात दुप्पट जातं, मग निजलेल्या माणसाला चाळीस ठोके पुष्कळ झाले. ते थांबत नव्हतं, त्याला घाईच नव्हती. चढणीला लागला की तेच काळीज दीडशेच्या वर जात असणार. शेतात पाणी सोडताना एका खाचराचं तोंड फोडता, दुसऱ्याचं बुजवता ना? पळताना अंग तेच करतं. पोटाकडचं बुजवतं, पायांकडचं उघडतं.’’

‘‘मंग त्या दिशी मेलेला कसा उठला?’’ सासूबाईंनी विचारलं.

‘‘मेला कुठे होता? पळताना पोटऱ्या रक्त वर पिळत असतात. हा एकदम ताठ उभा राहिला, पिळणं बंद, रक्त पायांत राहिलं, डोकं रिकामं झालं. आणि तुम्ही त्याला खांबाला उभा लावलात, म्हणजे ते वर येईलच कसं? मरायला म्हणून आडवा केलात, म्हणून जगला.’’ मग नळी गुंडाळत ते म्हणाले, ‘‘असं काळीज या तालुक्यात दुसरं नसेल. सहासात महिने बसून ते सगळ्यांसारखं झालं. काल जुनं असतं, तर दोन तास आधी मी इथे असतो. कुणी बसवलं याला?’’

‘‘देवीनं,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘डावा कौल दिला.’’

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सांगायला काय जात होतं, आता वाटतं. पण तेव्हा भीती आणि लाज दोन्ही होती, आणि त्याहून खरं म्हणजे हे मला टाकतील असं वाटलं.

महिन्याभरात ह्यांनी काठी परत मागून घेतली. चुलतभावाने आनंदाने दिली. म्हणाला, काठी हलकी लागत नाही, चढणीवर कुणीतरी दुसरं टोक धरतं. हे पुन्हा पळायला लागले, सुरुवातीला थांबत थांबत, मग सलग. वर्षाने त्या डॉक्टरांनीच मला दवाखान्यात सुईणीचं काम शिकायला बोलावलं. तिथे अक्षरं शिकले, घड्याळ धरून नाडी मोजायला शिकले. घरी आले की दुपारी पाय घासताना मोजायची. पासष्ट. मग अठ्ठावन्न. पुढच्या वर्षी पन्नास. ठोके पुन्हा लांब लांब जात होते आणि मधली ती मोकळी जागा मला पुन्हा ऐकू यायला लागली होती. आता तिच्यात दुसरा टपालवाला नव्हता. कोण होतं ते मी सांगायला नको.

ज्या दुपारी चाळीस भरले, त्या दुपारी मी सांगितलं. हे उताणे पडले होते, डोळे मिटलेले. मी छातीला तेल चोळत होते. मी म्हटलं, ‘‘कौल उजवा होता. मी पाकळी फिरवली.’’

हे हलले नाहीत. डोळे उघडले नाहीत, श्वाससुद्धा तसाच. पण माझ्या हाताखाली ते चाळिसाचं काळीज पळायला लागलं. साठ, ऐंशी, मग मला मोजता येईना. निजलेला माणूस, आणि छातीत सबंध खिंड चढत होता. खुंटीवरची काठी गप्प होती.

किती वेळाने कोण जाणे, हे म्हणाले, ‘‘हात का थांबला गो? तेल सपलं काय?’’

मी हात फिरवत राहिले. ठोके खाली यायला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.